धुवारीतली द्राक्षं आणि बाटलीवरचं बागेचं नाव

तुरीच्या फुलावर धुवारी पडली की विदर्भातला शेतकरी धास्तावतो. फूल गळतं, शेंग धरत नाही, दोन-चार दिवसांच्या धुक्यात हंगामाचं गणित बिघडतं. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्याजवळ, सोनोमा परगण्यातल्या रशियन रिव्हर खोऱ्यात मात्र नेमकं उलटं आहे. तिथला द्राक्ष बागायतदार जुलै-ऑगस्टात रोज संध्याकाळी धुक्याची वाट पाहतो. धुकं आलं नाही तर द्राक्षं घाईघाईनं गोड होतात, आंबटपणा उतरतो आणि वाइन मिळमिळीत होते.

या खोऱ्यातल्या पिनो न्वार या लाल वाइनच्या बाटलीवर पुष्कळदा तीन नावं असतात: द्राक्षाच्या जातीचं, प्रदेशाचं आणि एका बागेचं. तिसऱ्या नावाला सिंगल व्हिनयार्ड म्हणतात, आणि किंमत चढते ती मुख्यतः त्यामुळेच. ते नाव नेमकं काय सांगतं, त्यामागे किती काम असतं आणि नागपूरच्या हवेत अशी बाटली कशी सांभाळायची, ते इथे सविस्तर पाहू. सुरुवात धुक्यापासूनच करावी लागते, कारण बाकी सगळं त्यातून निघतं.

धुकं येतं कुठून

उन्हाळ्यात तिथे वायव्येकडून, किनाऱ्याच्या कडेकडेनं जोरात वारा वाहतो. वारा आणि पृथ्वीचं फिरणं मिळून समुद्राचं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. म्हणून ऐन जुलैतही तिथल्या समुद्राचं पाणी १० ते १३ अंश सेल्सिअस असतं. त्यावरून येणारी दमट हवा गार होते आणि धुकं धरतं.

पण हे धुकं समुद्रावरच का राहत नाही? त्याचं उत्तर नागपूरकराच्या घरातच आहे. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. आतली हवा बाहेर जायला वाट असेल तरच गार हवा आत येते. किनाऱ्यापासून बरंच आत सॅक्रामेंटोची सपाट दरी आहे. ती उन्हाळ्यात ३८-४० अंशांपर्यंत तापते, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा भरायला समुद्राकडची गार हवा ओढली जाते. तापलेली दरी म्हणजे ती उघडी खिडकी. मध्ये किनाऱ्याचे डोंगर आडवे येतात, पण त्यांत फटी आहेत. रशियन नदी समुद्राला मिळते ते मुख ही एक, आणि दक्षिणेला पेटालुमा गॅप नावाची रुंद खिंड ही दुसरी. धुकं या वाटांनी आत शिरतं.

दिवसाचा क्रम ठरलेला असतो. सूर्य कलला की वारा सुटतो, रात्री खोरं धुक्यानं भरतं, आणि सकाळी दहा-अकराच्या सुमारास धुकं विरतं. मग दुपारी तापमान २८-३२ अंशांवर जातं आणि पहाटे पुन्हा ९-१२ अंशांवर येतं. पाऊस यात नसतोच. तिथला उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो, त्यामुळे पिकणाऱ्या फळावर पावसाचं संकट क्वचितच येतं.

धुक्याच्या थराला वरून झाकण असतं. खाली गार हवा, तिच्यावर ऊबदार हवा, आणि त्या सीमेच्या वर धुकं चढत नाही. म्हणून समुद्राच्या अगदी जवळ, पण उंच कड्यांवर असलेल्या फोर्ट रॉस-सीव्ह्यू भागात बहुतेक बागा २८० मीटरच्या वर लावल्या आहेत. तिथे सकाळपासून ऊन असतं, तर पलीकडच्या खोऱ्यात अजून काही दिसत नसतं. काही किलोमीटरच्या अंतरात, एकाच जातीच्या दोन बागा दोन वेगळ्या हवामानांत वाढतात. बाटलीवर बागेचं नाव घालण्याला अर्थ येतो तो इथून.

थंड रात्र फळात काय करते

संत्र्याच्या बगीच्यात हे दरवर्षी दिसतं. आंबिया बहाराचं फळ आतून तयार झालं तरी रात्री उबदार असतील तोवर साल हिरवटच राहते. थंडी पडली की रंग चढतो. द्राक्षाच्या सालीतली लाल-निळी रंगद्रव्यंही गार रात्रींत जास्त बनतात आणि टिकतात. पण रंगापेक्षा मोठी गोष्ट आहे आंबटपणाची.

द्राक्षात दोन मुख्य आम्लं असतात, टार्टरिक आणि मॅलिक. हिरव्या द्राक्षाला दात शिवशिवण्याइतका आंबटपणा येतो त्यात मॅलिकचा वाटा मोठा. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागला, की फळ हे मॅलिक आम्ल श्वसनासाठी जाळू लागतं, आणि हवा जितकी तापलेली तितकं ते भराभर जळतं. साखर मात्र पानांत, दिवसाच्या उजेडात बनते. म्हणजे फळात एकाच वेळी दोन कामं चालू असतात: साखर भरणं आणि आंबट जाळणं. रात्र गार असली की दुसरं काम रात्रभर जवळपास थांबतं आणि पहिलं सकाळी ऊन आलं की पुन्हा सुरू होतं. त्यामुळे साखर पुरेशी होते तेव्हा आंबटही शिल्लक असतं.

मे महिन्यातल्या नागपूरशी ताडून पाहा. दिवसा ४४-४५ अंश आणि रात्री २८-३० अंश. दिवस-रात्रीतला फरक इथेही बऱ्यापैकी आहे, पण रात्रीचं तापमानच इतकं चढं की आंबट जळणं थांबतच नाही. वाइनबद्दलच्या लिखाणात ‘दिवस-रात्रीतला फरक मोठा, म्हणून चव चांगली’ असं सर्रास वाचायला मिळतं. ते अर्धवट आहे. फरकाच्या आकड्यापेक्षा रात्रीचा पारा किती खाली गेला आणि सकाळचे किती तास गार राहिले, हे महत्त्वाचं. धुकं नेमकं तेच करतं: अकरापर्यंत ऊन अडवतं आणि तापलेल्या तासांची संख्या कमी करतं.

याचा आणखी एक परिणाम म्हणजे वेळ मिळतो. फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत तिथे साधारण १०० ते १२० दिवस जातात. साखर सावकाश चढते आणि तेवढ्यात बी तपकिरी होते, सालीतला कच्चा तुरटपणा मऊ होतो, वास तयार होतो. तापलेल्या जागी साखर २५ ब्रिक्सला (रसातल्या साखरेच्या टक्केवारीचं माप) पोचते तेव्हा बी अजून हिरवी असते. मग बागायतदारापुढे दोनच वाटा उरतात. आत्ता तोडलं तर तुरट, हिरवट वाइन; थांबलं तर जड, दारूचं प्रमाण जास्त असलेली आणि मुरांब्याच्या चवीची वाइन.

पिनो न्वारच का

पिनो न्वारचा घड हातात घेतला तर मुठीएवढा भरतो. मणी बारीक आणि इतके दाटीनं बसलेले की दोन मण्यांत सुईही जाऊ नये. घडाचा आकार सुचीपर्णी झाडाच्या फळासारखा असतो आणि नावातलं ‘पिनो’ त्यावरूनच आलं असं मानतात. मणी चिमटीत दाबला की साल लगेच फाटते, कारण ती पातळ आहे. या जातीचं सगळं सुख-दुःख त्या पातळ सालीत आहे. तिच्यात रंग कमी असतो, म्हणून पेल्याखाली धरलेलं बोट वाइनमधून दिसतं. तुरटपणा कमी असतो, म्हणून वाइन जिभेला रेशमासारखी लागते. आणि आंबटपणा, वास किंवा मुरवण यांतलं काही बिघडलं तर झाकायला गडद रंग नाही की दणकट तुरटपणा नाही. कॅबर्नेसारख्या गडद, दणकट लाल वाइनमध्ये खपून जाणारी चूक इथे उघडी पडते.

ही जात लवकर फुटते आणि लवकर पिकते. उष्ण प्रदेशात ती ऑगस्टच्या सुरुवातीलाच गोड होऊन बसेल. रशियन रिव्हरमध्ये साधारण मार्चमध्ये डोळे फुटतात, मे-जूनच्या सुमारास फुलोरा येतो, जुलैअखेरीस मण्यांत पाणी उतरतं आणि ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत तोडणी चालते. नाशिककडे वर्षातून दोन छाटण्या घेऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं काढतात, कारण तिथली वेल थंडीत पूर्ण झोपत नाही. सोनोमातली वेल हिवाळ्यात खरोखरच झोपते.

विदर्भात संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात, तसंच द्राक्षाचंही कलमच असतं. १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळं पोखरणाऱ्या किडीनं युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. तेव्हापासून कीड सोसणाऱ्या अमेरिकी खुंटावर युरोपी जातीचा डोळा चढवतात. कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकात हीच कीड पुन्हा उसळली, कारण एएक्सआर-१ हा तिथे सर्रास वापरलेला खुंट पुरेसा काटक नव्हता. बागाच्या बागा उपटून नव्यानं लावाव्या लागल्या. खुंटावर चढवलेल्या पिनो न्वारच्याही निवडी असतात. पोमार्ड, स्वान, डिजाँच्या ११५, ६६७, ७७७ ही नावं वाइनच्या माहितीपत्रकात दिसली तर ती त्याच जातीतल्या वेगवेगळ्या वाणांची समजावी. एकाच बागेत तीन-चार वाण लावतात, म्हणजे सगळं एकाच आठवड्यात पिकत नाही आणि चवीतही वेगळेपणा राहतो.

धुक्याची किंमत

धुकं फुकटात काही देत नाही. उन्हाळ्यात पाऊस नसल्यानं केवडा हा बुरशीरोग तिथे जवळपास नसतो, पण भुरी या दुसऱ्या बुरशीला पाऊस लागत नाही. गार, ढगाळ सकाळ आणि मध्यम उबदार दुपार ही भुरीला मानवणारी हवा. म्हणून फुटव्यांपासून मण्यांत पाणी उतरेपर्यंत दर ७ ते १४ दिवसांनी गंधकाची धुरळणी किंवा फवारणी चालते. तोडणीच्या आधी बरेच दिवस गंधक थांबवावं लागतं. सालीवर गंधक उरलं तर आंबवताना त्यातून सडक्या अंड्याचा वास तयार होतो.

दुसरी भीती राखाडी बुरशीची, बोट्रायटिसची. दाटीचा घड, पातळ साल आणि तासन्‌तास टिकणारा ओलावा एकत्र आले की घडाच्या पोटात एक मणी फुटतो आणि तिथून बुरशी पसरते. बाहेरून घड चांगला दिसतो, आत बोट घातलं की मऊ लागतं. उपाय हातानं करायचा असतो: घडाभोवतीची पानं काढायची, पण फक्त सकाळचं ऊन येणाऱ्या बाजूची. त्यानं धुक्याचा ओलावा लवकर सुकतो. दुपारच्या बाजूची पानं काढली तर घड भाजून निघतात. चिकटलेले, एकमेकांवर चढलेले घड विरळणीत काढून टाकतात.

उत्पन्न मुद्दाम कमी ठेवतात. चांगल्या बागेत एकरी दोन ते तीन अमेरिकी टन, म्हणजे १,८०० ते २,७०० किलो. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात, तेव्हा एका एकरातून सुमारे १,८०० बाटल्या निघतात. पाच एकरांच्या तुकड्यातून साऱ्या जगासाठी ९,००० बाटल्या. इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे. वाइनरी द्राक्षं टनावर विकत घेत असेल तर बागायतदाराचा फायदा जास्त घड ठेवण्यात असतो. म्हणून उत्तम बागांचे करार बरेचदा एकरावर होतात. वाइनरी जमिनीच्या तुकड्याचे पैसे देते आणि घड किती ठेवायचे ते ठरवण्याचा हक्क घेते.

बागेचं नाव म्हणजे नेमकं काय

अमेरिकी नियम स्पष्ट आहेत. बाटलीवर बागेचं नाव असेल तर किमान ९५ टक्के वाइन त्याच बागेच्या द्राक्षांची हवी. रशियन रिव्हर व्हॅलीसारखा मान्यताप्राप्त प्रदेश लिहिला असेल तर ८५ टक्के द्राक्षं त्या प्रदेशातली हवीत; या खोऱ्याला ती मान्यता १९८३ मध्ये मिळाली. जात लिहिली असेल तर ७५ टक्के त्या जातीची, आणि अशा प्रदेशाच्या नावासोबत साल लिहिलं असेल तर ९५ टक्के त्या सालची. ‘रिझर्व्ह’ या शब्दाला तिथे कायद्यानं काहीच अर्थ नाही, तो वाचून जास्त पैसे देऊ नयेत. ‘इस्टेट बॉटल्ड’ला मात्र अर्थ आहे: बाग आणि वाइनरी एकाच प्रदेशात, बाग वाइनरीच्या मालकीची किंवा ताब्यातली, आणि द्राक्षं चिरडण्यापासून बाटली भरेपर्यंतचं काम एकाच ठिकाणी. दारूच्या टक्केवारीतही थोडी सूट असते. १४ टक्क्यांच्या वरच्या वाइनमध्ये लिहिलेला आकडा एक टक्का इकडे-तिकडे चालतो.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की नियम दर्जाबद्दल काही बोलत नाही. रद्दड बागेचंही नाव छापता येतं. मग नावाचं मोल कशात? मिश्रणाचा आधार सुटण्यात. प्रादेशिक वाइन बनवणाऱ्याकडे दहा बागांचा माल असतो. एकीचा आंबटपणा कमी पडला तर दुसरीचा घालता येतो, एकीचा रंग फिका तर तिसरी मदतीला येते. बागेचं नाव लावलं की ही सोय संपते. त्या जमिनीनं त्या वर्षी जे दिलं तेच बाटलीत जातं. चोखंदळ वाइनमेकर म्हणूनच एका बागेची बारा पिंपं असतील तर त्यातली पाच-सहाच बागेच्या नावानं भरतो आणि उरलेली प्रादेशिक मिश्रणात ओततो. वर्ष फारच वाईट गेलं तर एकही भरत नाही.

ही कल्पना अमेरिकेची नाही. फ्रान्समधल्या बर्गंडीत सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासीयांनी मध्ययुगातच कोणत्या तुकड्यातली वाइन कशी लागते याची पारख करून जमिनी वेगळ्या मांडल्या. या तुकड्यांना तिथे ‘क्लिमा’ म्हणतात, आणि २०१५ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्य केलं. पण नावावर आंधळा विश्वास ठेवू नये हेही तिथेच शिकायला मिळतं. क्लो द वूजो ही दगडी भिंतीत बंदिस्त असलेली बाग जेमतेम ५० हेक्टरची आहे, मालक मात्र ऐंशीच्या आसपास. नाव एक, बाग एक, पण करणारे हात वेगळे आणि चवही वेगळी. कॅलिफोर्नियात रोचिओलीसारख्या बागेची द्राक्षंही एकाहून जास्त वाइनरींनी वापरली आहेत. खरेदी करताना बागेच्या नावाआधी बनवणाऱ्याचं नाव पाहावं, हे आमचं ठाम मत.

माती? रशियन रिव्हरच्या पश्चिम भागात गोल्डरिज नावाची बारीक वाळूची, भुसभुशीत जमीन आहे. तिच्यात पाणी थांबत नाही, मुळं खोल जातात, वेल आटोक्यात राहते. विदर्भातल्या काळ्या कसदार जमिनीत वेल माजेल, पाल्याचं रान होईल आणि घड सावलीत राहतील. मातीतले खनिज थेट चवीत उतरतात असं पुष्कळ जण सांगतात, पण जमिनीचा खरा प्रभाव पाणी धरण्या-सोडण्यातून आणि उष्णतेतून येतो.

तोडणीनंतरचे पंधरा दिवस

तोडणी रात्री होते, डोक्याला दिवे लावून, पहाटे दोन-तीनपासून. फळ १०-१२ अंशांवर असताना वाइनरीत पोचलं तर आंबणं आपोआप सुरू होत नाही. तोडणीच्या वेळी साखर साधारण २३ ते २५ ब्रिक्स आणि आंबटपणा दाखवणारा पीएच ३.४ ते ३.६ असावा. ब्रिक्सला ०.५७ नं गुणलं की दारूच्या टक्केवारीचा ढोबळ अंदाज येतो: २४ ब्रिक्स म्हणजे साडेतेरा-पावणेचौदा टक्के.

घड पट्ट्यावरून निवडून देठ काढतात. काही जण १० ते ५० टक्के घड देठासकट टाकतात. देठ पिकून तपकिरी झाले असतील तर त्यातून मसाल्याचा वास आणि थोडा तुरटपणा येतो. हिरवे असतील तर पडवळाच्या देठासारखी कच्ची चव येते आणि ती कधीच जात नाही. मग मणी तीन ते सात दिवस १० अंशांच्या आसपास तसेच ठेवतात. दारू बनायच्या आधी पाण्यात विरघळणारा रंग आणि वास सालीतून उतरावा म्हणून.

त्यानंतर तापमान चढू देतात, यीस्ट काम सुरू करतं. उघड्या तोंडाच्या, एक ते पाच टनांच्या छोट्या टाक्या वापरतात. कर्बवायूच्या बुडबुड्यांनी साली वर येतात आणि हातभर जाड, घट्ट थर बनतो. त्या थराखाली उष्णता कोंडते. खालचा रस २६ अंशांवर असताना थरात ३२ अंश सापडतात. म्हणून दिवसातून दोन-तीनदा सपाट चकती लावलेल्या दांड्यानं साली खाली दाबतात. पाळी चुकली तर वरचा थर सुकतो आणि त्यात व्हिनेगर बनवणारे जिवाणू वाढतात. जोरानं आणि वारंवार दाबलं तर बियांचा कडवटपणा उतरतो. दाबताना टाकीवर वाकायचं नसतं. साचलेल्या कर्बवायूनं माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि जगभरच्या वाइनरींत यानं जीव गेले आहेत.

याच टप्प्यावर सडक्या अंड्याचा वास येऊ शकतो. कारण बहुतेक वेळा यीस्टची उपासमार: रसात नायट्रोजन कमी. लिटरला १५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर यीस्टचं खाद्य घालतात आणि रसाला हवा देतात. आठ ते चौदा दिवसांत साखर संपते, साली हलक्या हातानं दाबून रस वेगळा करतात आणि तो पिंपात जातो.

पिंप फ्रेंच ओकचं, बर्गंडीच्या मापाचं, २२८ लिटरचं. एका पिंपातून साधारण ३०० बाटल्या. तिथे दुसरं आंबणं होतं. जिवाणू तीक्ष्ण मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात, दह्यातलं असतं तेच. धुक्यातल्या बागेत मॅलिक भरपूर वाचलेलं असल्यानं हा बदल जिभेला चांगला कळतो, आणि उरलेलं टार्टरिक वाइनला ताठ ठेवतं. वाइन १० ते १६ महिने पिंपात राहते. सुमारे पंचवीस ते चाळीस टक्के पिंपं नवी असतात. त्याहून जास्त नवं लाकूड पिनोला सोसत नाही, बागेची चव व्हॅनिलाखाली दबते. लाकडातून वाइन हळूहळू आटते, म्हणून पिंप वरचेवर काठोकाठ भरावं लागतं. आत हवेची पोकळी राहिली की व्हिनेगरचा वास ठरलेला.

एक संकट मात्र कुणाच्याच हातात नाही: जंगलातल्या वणव्याचा धूर. २०२० मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात तोडणीच्या सुमारास वणवे पेटले. धुरातली संयुगं सालीतून शिरून साखरेला चिकटून बसतात. द्राक्ष चाखलं तर काही कळत नाही, पण आंबताना ती सुटतात आणि वाइनला विझलेल्या चुलीतल्या राखेची चव येते. साल पातळ आणि चव नाजूक, त्यामुळे पिनोची फार हानी झाली. अनेक वाइनरींनी २०२० ची पिनो बागेच्या नावानं भरलीच नाही. ते साल स्वस्तात दिसलं तर चौकशी करूनच घ्या.

धुकंही पूर्वीइतकं राहिलेलं नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उन्हाळी धुक्याचं प्रमाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुमारे ३३ टक्क्यांनी घटलं, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं.

नागपुरात ही बाटली

बाटलीचा खरा शत्रू नागपुरात उष्णता आहे. ७५० मिलिलिटर वाइन २० अंशांवरून ४० अंशांवर गेली की साधारण ५ मिलिलिटरनं फुगते. बूच आणि वाइन यांच्यामधली पोकळी जेमतेम तेवढीच असते. मग बूच वर सरकतं, कडेनं वाइन झिरपते, आणि बाटली गार झाल्यावर त्याच वाटेनं हवा आत जाते. घेताना बाटलीच्या तोंडावरची पत्र्याची टोपी बोटानं फिरवून पाहा. सहज फिरली तर चांगलं. चिकटली असेल, बूच काचेच्या काठावर आलेलं असेल किंवा लेबलावर लाल ओघळ असेल तर ती बाटली सोडून द्या. एप्रिल ते जूनमध्ये अशी वाइन मागवूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. दुकानात एसी फक्त दिवसा चालतो की रात्रीही, हे विचारायला लाजू नका.

घरी कपाटात, देवघरावरच्या माळ्यावर किंवा कूलरच्या खोलीत ठेवू नका. कूलरनं खोली २८-३० अंशांवर येते आणि दमट होते, लेबल आणि बुचावर बुरशी धरते. वेगळा वाइन फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजचा भाजीचा कप्पा मार्चनंतर सगळ्यात सुरक्षित. बाटली आडवी ठेवा, पाच-सहा महिने काही होत नाही. ही वाइन नीट जपली तर पाच ते दहा वर्षं टिकते, पण नागपुरात थंड जागेशिवाय वर्षापलीकडे ठेवण्याची जोखीम घेऊ नये. आणि वर्ध्याकडे जाताना गाडीत बाटली असू नये, त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हे वाक्य युरोपातल्या जुन्या गार घरांसाठी आहे. पिनोला १४ ते १६ अंश हवेत. ३२ अंशांची बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर तिथवर यायला दोन तासांच्या आसपास लागतात. बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे भरलेल्या बादलीत १२ ते १५ मिनिटं पुरतात. नुसता बर्फ घालू नका, पाणी असेल तरच काच सगळीकडून गार होते. पेल्यात एका वेळी थोडीच ओता, कारण मेच्या खोलीत ती काही मिनिटांतच २० अंश ओलांडते आणि मग फक्त दारूचा उग्र वास येतो. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा.

सावजीसोबत ही वाइन नको. तिखटाची आग आणि १४ टक्के दारू एकमेकांना वाढवतात, आणि चेरी, डाळिंबाच्या दाण्यासारखी तिची नाजूक चव हरवते. पावसाळ्यात बाजारात सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या येतात, त्या थोड्या लोण्यात लसूण घालून परता: मातीचा तो वास आणि पिनोचा वास एकाच घरातले. तुऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरची हात राखून घातलेलं, हेही उत्तम जमतं.

बागेचं नाव खरंच काही सांगतं का, हे पाहायचं असेल तर एकाच वाइनरीच्या, एकाच सालच्या, पण दोन बागांच्या बाटल्या घ्या: एक खोऱ्यातल्या धुक्यातली, एक धुक्याच्या वरच्या डोंगरावरची. चौघा-पाच जणांत मिळून घेतल्या तर खर्चही वाटला जातो. एकसारखे पेले, प्रत्येकात ७५ मिलिलिटर, आणि कोणता कुठला ते ओतणाऱ्यालाच ठाऊक. धुक्यातली बहुधा फिकट, जास्त आंबटसर आणि लाल फळांच्या वासाची निघेल. डोंगरावरची गडद, जांभळाकडे झुकणारी, जरा तुरट. पहिल्या घोटाला दोन्ही सारख्याच वाटल्या तर पेले वीस मिनिटं तसेच राहू द्या. १२ अंशांवर वास मिटलेला असतो, १५ च्या पुढे तो उघडतो.